मी बुजवलेलं भोक

माझा राग चढला की ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवरचे कावळे उडून थेट नागभीडला जाऊन बसतात, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच म्हणतो, पण लोक ऐकून घेतात. थापाड्या म्हणून पंचक्रोशीत माझं नाव आहे आणि ते मी मेहनतीने कमावलेलं आहे. वैनगंगेच्या पुरात म्हशीच्या पाठीवर बसून मी नदी पार केली, ही माझी जुनी गोष्ट. सुरुवातीला त्यात म्हैस होती. आता मगर आहे. पण आज जे सांगतोय त्यात मी पदरचं मीठ घालणार नाही. त्यात आधीच एक गोणी मीठ आहे आणि त्या गोणीचाच मला आजही संताप येतो.

दोन हजार साल उलटून दोन-चार वर्षं झाली होती. बसस्टँडमागे माझं दुकान होतं, लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचं. गुलाब उमलतो आणि त्यातून नवरा-नवरी निघतात, तो गुलाब माझा. मोर उडत येऊन अक्षता टाकतो, तो मोरही माझा. सहा बाजूंना सहा फोटो लावलेला डबा हवेत गरगर फिरतो, तो तर चंद्रपूरपर्यंत प्रसिद्ध होता. पण माझी खरी कला वेगळी होती. नवरीच्या गालावरचे फोड, कांजिण्यांचे व्रण, चुलीचे चटके मी असे पुसायचो की सासरचे लोक व्हिडिओ पाहून विचारायचे, ही कोण? माझ्या दुकानातून एकही नवरी डाग घेऊन बाहेर पडली नाही. हे मी तेव्हा छाती फुगवून सांगायचो. आता सांगताना जीभ अडखळते.

अशाच एका लग्नाला एक संशोधक आले होते. मोठ्या शहरातल्या एका संस्थेत मानववंशशास्त्र शिकवायचे. मी त्यांना सर म्हणायचो, पुढेही तेच म्हणतो. मंडपातल्या पडद्यावर साखरपुड्याच्या व्हिडिओतला फिरणारा डबा पाहून ते जेवण अर्धं टाकून माझ्याकडे आले.

"हा डबा तुम्ही फिरवलात?"

"डबाच काय सर, म्हणाल तर मंडप फिरवतो."

"कवटी फिरवाल?"

मला वाटलं, वऱ्हाडातल्या कोणाशी भांडण झालं असेल. पण सर खरंच बोलत होते. त्यांच्या संस्थेत आमच्या जंगलातून पूर्वी गोळा केलेल्या माणसांच्या कवट्या पेट्यांमध्ये ठेवल्या होत्या. लेझरच्या यंत्राने त्यांची मापं तुकड्या-तुकड्याने घेऊन झाली होती. आता ते तुकडे जोडून कॉम्प्युटरवर अख्खी कवटी उभी करायची होती. म्हणजे विद्यार्थ्याने माउस हलवला की कवटी वळेल, खालून दिसेल, मधून कापून दाखवता येईल, टोकापासून टोकापर्यंत मोजता येईल. शहरातल्या कॉम्प्युटरवर ती दर दोन मिनिटांनी अडकून पडायची. माझं मशीन मोर उडवून उडवून दणकट झालं होतं. मी हो म्हणालो.

काम सोपं होतं, असं मला वाटलं. सीडीवर कवटीचे तुकडे यायचे, वरून घेतलेला, खालून घेतलेला, चारी बाजूंनी घेतलेले. ते फुटक्या मडक्यासारखे जुळवायचे. लेझरचा उजेड जिथे पोहोचला नाही तिथे भोकं राहायची आणि प्रत्येक भोकाभोवती लाल रेघ उमटायची. एक बटन दाबलं की भोक बुजायचं. पहिल्या दिवशी मी सगळीच बुजवली. डोळे गेले, नाक गेलं, राहिला एक उकडलेला बटाटा. सरांनी कपाळाला हात लावला.

"अहो, डोळे तरी ठेवा!"

मग त्यांनी सांगून ठेवलं. डोळे, नाक, कान आणि खालचं पाठीच्या कण्याचं भोक ठेवायचं. बाकी दिसेल ते बुजवायचं. शंका आली तर दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहायचं.

गावात मात्र बोंब झाली की माझ्या दुकानात शंभर कवट्या आहेत. समोरच्या टपरीवाल्याने माझा चहाचा कप वेगळा केला. दुकानात होत्या त्या फक्त सीड्या, पण मी कोणाला खरं सांगितलं नाही. उलट म्हणालो, अमावस्येला त्या आपसात हिशोब करतात. थापाड्याला फुकटची कीर्ती कोण सोडेल?

त्यातल्या एका कवटीच्या डाव्या गालाच्या हाडात, डोळ्याच्या खाली, सुपारी जाईल एवढं भोक होतं. त्याची कड फाटलेली नव्हती, गोल आणि गुळगुळीत होती. बाकीच्या भोकांसारखं ते दिसत नव्हतं. हे मला त्याच वेळी दिसलं होतं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. पण हाताला नवरीची सवय होती. मी उजवा गाल उचलला, आरशातल्यासारखा उलटा केला आणि डावीकडे चिकटवला. सांधा घासला. टपरीवरचा माझा वेगळा कप थंड व्हायच्या आत काम संपलं. सरांनी पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"सुंदर! संग्रहातला सर्वात देखणा नमुना."

मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सगळ्या कवट्या तयार झाल्यावर सरांच्या मनात आलं की लोकांचा वारसा लोकांना दाखवायचा. मग आल्लापल्लीच्या पुढे, हेमलकशाच्या वाटेवर एका आश्रमशाळेत कार्यक्रम ठरला. ब्रह्मपुरीचे एक मुसलमान चाचा जीप चालवायचे, त्यांच्या जीपमध्ये कॉम्प्युटर गाद्यांत गुंडाळून नेला. रस्ता असा की कॉम्प्युटर शाबूत राहिला आणि माझे दोन मणके इकडचे तिकडे झाले. शाळेत जनरेटर लावला, व्हरांड्यात टेबल मांडलं आणि कवटी फिरू लागली. पोरांनी एकच गिल्ला केला. माउससाठी ढकलाढकली. कोणी कवटीला उलटं टांगलं, कोणी तिच्या डोळ्यातून आत शिरून पाठीमागून बाहेर पडलं. सर हसत उभे होते.

गोंगाट ऐकून शाळेची स्वयंपाकीण बाहेर आली. माडिया बाई, पन्नाशीच्या पुढची, हातात वरणाची पळी. पडद्यावर पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

"हे कुठून आणलं?"

सर गोडीने म्हणाले, "मावशी, हे खरं नाही. कॉम्प्युटरमधलं आहे."

"खरं नाई, त काऊन दाखवता?"

पोरं हसली. ती हसली नाही. पळी माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाबू, मले फिरवू दे."

तिने माउस उचलून पडद्यासमोर धरला, दिवा ओवाळावा तसा. मी तिचा हात टेबलावर टेकवला आणि फिरवायचं कसं ते दाखवलं. कवटी हळूहळू वळली. खालचा जबडा कधीतरी मोडून वाकडाच जुळून आला होता. तिथे तिने थांबवलं. उजव्या बाजूला दातांत फट होती. त्या फटीपाशी तिने काचेवर बोट ठेवलं.

"इथून चमचा जाये. पानाचा. डावीकडून नाई जाये, तोंडच नाई उघडे."

"कोणाचं तोंड, बाई?" मी विचारलं.

"माझ्या भावाचं. हा माझा भाऊ होय."

मग तिने सांगितलं ते असं. भाऊ तरणा असताना पहाटे मोह वेचायला गेला. त्या झाडाखाली अस्वलही मोह खायला आलं होतं. अस्वलाने त्याचा जबडा मोडला, डावा डोळा नेला. वर्षभर तिने त्याला पानाच्या चमच्याने आंबील पाजली. चमचा फक्त उजवीकडून जायचा. भाऊ जगला, पुढे बरीच वर्षं जगला, शेवटी तापाने गेला. गावाने त्याला पुरलं आणि त्याच्या नावाचा दगड उभा केला. काही वर्षांनी मसणाच्या जागेतून रस्ता निघाला, हाडं वर आली. तेव्हा कोणी शिकलेले साहेब येऊन डोकी तेवढी निवडून घेऊन गेले आणि गावाला मिठाची एक गोणी देऊन गेले.

"मी सासरी होती," ती म्हणाली. "मी आली तवा त्या मिठाचं कालवण शिजलं होतं. मी बी खाल्लं. मले कोणी सांगितलंच नाई. तवापासून त्याचा दगड कलून राह्यला. दर साली सरळ करतो, दर साली कलते. डोस्कं नाई त तो कसा उभा राहीन?"

तिने कवटी डावीकडे वळवली, आणखी वळवली, पुन्हा मागे आणली.

"अस्वलाचा दात कुठी गेला?"

"काय?" सरांनी विचारलं.

"इथी भोक होतं. डोळ्याखाली. जखम भरली, पण भोक राह्यलं. माझी करंगळी जाये. कुठी गेलं भोक?"

सर खाली वाकले, तिच्याशी अगदी समजुतीने बोलले. "पाहा मावशी, गाल अखंड आहे. म्हणजे हे तुमचे भाऊ नव्हेत. दिसायला सारख्या असतात कवट्या."

मी तिथेच उभा होतो, हातात तिची पळी. ज्या तोंडाने मी म्हशीची मगर केली ते तोंड त्या दिवशी कोणी सुतळीने शिवल्यासारखं बंद होतं. एक वाक्य बोलायचं होतं. भोक मी बुजवलं. एवढंच. नाही बोललो. तिने माझ्या हातातून पळी घेतली आणि आत गेली. पोरांना जेवायला वाढायचं होतं.

जीपमध्ये बसल्यावर मी सरांना सांगितलं.

"कोणाला बोललात?"

"कोणालाच नाई."

"मग बोलू नका. ही मॉडेलं मंजूर झाली आहेत. एक भोक निघालं तर लोक विचारतील, बाकी किती बुजवलीत."

"बाकीची राहू द्या सर. ही एक पेटी उघडून पाहा ना. खरी कवटी तर तिथंच आहे!"

"पेट्या आता उघडायच्या नाहीत. त्यासाठीच तर हे सगळं केलं. हाडांना पुन्हा हात लागू नये म्हणून."

चाचा आरशात पाहून म्हणाले, "हाथ तो कब का लग गया, साब. अब तो लौटाने की बात है."

सर चाचांना म्हणाले, तुम्ही रस्त्याकडे बघा. चाचांनी रस्त्याकडे पाहिलं आणि एकही खड्डा चुकवला नाही.

बाईने शाळेच्या गुरुजींकडून अर्ज लिहून घेतला आणि संस्थेला पाठवला. उत्तर आलं. गुरुजींनी मला ते वाचायला दिलं. "सदर क्रमांकाच्या संगणकीय प्रतिकृतीत अर्जात नमूद केलेली खूण आढळून येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे." निकाली! त्या कागदावर खोटा असा एकही शब्द नव्हता, कारण खूण खरोखरच आढळत नव्हती. इथे मी जन्मभर थापा मारल्या आणि लोक हसून सोडून देत आले. ती एक थाप मात्र मी तोंडाने नाही, हाताने मारली आणि तिच्यावर गोल शिक्का बसला. त्या कागदाने मला जेवढा राग आला तेवढा कोणत्याच माणसाचा आला नाही. माणसाला शिवी देता येते.

आता मूळ स्कॅन शोधायचा होता, भोक बुजवण्याआधीचा. सीड्या सरांनी परत नेल्या होत्या. माझ्या मशीनवर लगीनसराईने सगळं पुसलं होतं. दुकान उलटंपालटं केलं. तीन दिवस मी जेवलो नाही, असं मी सांगतो. तसं एक दिवस जेवलो नाही. मग एकदम आठवलं आणि आठवलं तसं खाली बसलो.

सुरुवातीच्या दिवसांत मित्रांना हसवायला मी एक सीडी केली होती. गुलाब उमलतो आणि त्यातून कवटी निघते, कपाळाला मुंडावळ्या बांधलेली. पाहून आम्ही लोळून लोळून हसलो होतो. ती कवटी मी कच्चीच वापरली होती आणि तिची फिरती फाइलही त्याच सीडीवर टाकली होती. मिक्सिंगच्या वेळी कोण भोकं बुजवत बसतो? सीडी एका हळदीच्या कार्यक्रमाच्या डबीत सापडली. उघडून पाहिली. गुलाब उमलला. मुंडावळ्यांखाली, डाव्या डोळ्याच्या खाली ते भोक होतं, गोल, भरून आलेल्या कडेचं. वर्षभर आंबील पाजलेलं तोंड, आणि आम्ही त्याचा नवरदेव करून खिदळलो होतो. मी मुंडावळ्या काढल्या. मशीनसमोर हात जोडले की नाही, ते सांगत नाही. सांगितलं तर थाप वाटेल.

लवकरच शहरात सरांच्या संस्थेत या कवट्यांच्या दालनाच्या उद्घाटनाचा मोठा कार्यक्रम होता. मोठा पडदा, मोठे पाहुणे, वर्तमानपत्रवाले. कॉम्प्युटर न अडकवता चालवणारा मीच, म्हणून सरांनी मलाच बोलावलं. चाचांना मी सांगितलं, "चाचा, बाईले घेऊन या." चाचांनी काऊन म्हणून विचारलं नाही. आदल्या दिवशीच निघाले आणि कार्यक्रमाच्या सकाळी तिला पहिल्या रांगेत आणून बसवलं. तिच्या मुठीत पानाचा चमचा होता, पळसाच्या हिरव्या पानाचा, काडीने टाचलेला.

प्रमुख पाहुण्यांनी माउस धरला. मी सरांचं मॉडेल उघडायच्या जागी माझं उघडलं. कवटी वळली, डावा गाल समोर आला आणि भोक पडद्यावर बैलगाडीच्या चाकाएवढं झालं.

"हे कसलं भोक?" पाहुण्यांनी विचारलं.

सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. वैनगंगेचं पाणी उन्हाळ्यात आटतं ना, तसं त्यांच्या तोंडावरचं रक्त आटलं. ते काही बोलायच्या आत पहिल्या रांगेतून आवाज आला.

"अस्वल."

सगळे वळले. बाई उभी राहिली होती.

"अस्वल होय ते. माझा भाऊ होय तो. पेटी उघडा."

सर म्हणाले, "ही तांत्रिक चूक आहे, ऑपरेटरची."

"हो, ऑपरेटरची!" मी माइकशिवायच ओरडलो. छप्पर उडालं, असं मी नेहमी सांगतो. "चूक हीच की मी हे भोक बुजवलं होतं आणि तुम्ही शाबासकी दिली! आता हे मूळचं आहे. पटत नसेल तर पेटी उघडा!"

कॅमेऱ्यांसमोर पाहुण्यांना नाही म्हणता येईना. पेटी आली. कापूस काढला. खरी कवटी पडद्यावरच्यापेक्षा किती लहान होती! बाई पुढे गेली. कोणाला काही विचारलं नाही. करंगळी डोळ्याखालच्या भोकात घातली. करंगळी गेली. मग चमचा दातांच्या उजव्या फटीला लावून पाहिला. तोही गेला.

"चाला घरी," ती कवटीला म्हणाली.

घरी जायला त्याला पुढे कित्येक महिने लागले. सह्यांवर सह्या झाल्या. शेवटी कागद आला त्यावर लिहिलं होतं, "नमुना, एक नग." नग! गाडग्या-मडक्यांना म्हणतात, खुर्च्यांना म्हणतात. मी त्या कारकुनाला काय म्हणालो ते छापण्याजोगं नाही. कवटी पुठ्ठ्याच्या पेटीत माझ्या मांडीवर होती आणि त्या वेळी चाचांनी एकूण एक खड्डा चुकवला.

गावात त्याला दगडाखाली ठेवताना मला लांब उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. तिथे काय केलं ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. हे वाक्य माझ्या तोंडी आयुष्यात पहिल्यांदाच आलं.

पुढच्या वर्षी चाचांबरोबर पुन्हा त्या गावावरून जाणं झालं. मधल्या काळात मी शहरातलं संस्थेचं दालन पाहून आलो होतो. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझं भोकाचं मॉडेल काढून जुनं परत लावलं होतं. देखणा नमुना. शाळेची पोरं माउसने फिरवत होती. डावा गाल उजव्यासारखा. खाली पाटी होती, उत्तम स्थितीतील. मी पत्रं लिहिली, एक नाही, चार लिहिली, पडद्यावरची ती कवटी चुकीची आहे म्हणून. चूक माझी आहे, दुरुस्त करून देतो, फुकट देतो, येऊन देतो, असंही लिहिलं. एकाचंही उत्तर नाही. अर्ज निकाली काढायला त्यांच्याकडे माणूस असतो. चूक निकाली काढायला मात्र नसतो.

बाईने आम्हाला आंबील दिली. दगड मला सरळ दिसला. पण मी म्हणतोय म्हणून त्यावर विसंबू नका. मी तिला दालनातलं सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ त इथी आला. मंग तिथला तो कोण होय?"

"कोणी नाई, बाई. तो मी बनवला."

तिने माझ्याकडे पाहिलं. बाजूला पडलेलं पळसाचं पान उचललं, काडीने टाचून चमचा केला आणि माझ्या हातात दिला.

"मंग त्याले तूच पाज."

चाचा हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. पान वाळून करकरीत झालं आहे, पण दुकानाच्या भिंतीवर अजून आहे. पाचवं पत्र मी त्याच्याच खाली बसून लिहितोय.